तोंड दिसेल त्यालाच ओ

"तुला ऐकू आलं होतं की नव्हतं, एवढंच सांग," ताई म्हणाली.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. त्यावर बापू बसला होता, मांडीवर आईचे कपडे आणि सपाता भरलेली पिशवी. ताई त्याची थोरली बहीण. रात्रभराचा प्रवास करून सकाळीच उतरली होती. केससुद्धा विंचरले नव्हते बिचारीनं.

"आलं होतं," बापू म्हणाला.

"किती वेळा?"

"पुष्कळ वेळा."

"आणि तू काय करत होतास?"

"वाटाणे सोलत होतो."

"आई बाथरूममध्ये पडून चाळीस मिनिटं तुला हाका मारतेय, आणि तू शेजारच्या खोलीत वाटाणे सोलतोयस! अरे, शेजाऱ्याचं मांजर ओरडलं तरी माणूस उठून बघतो!"

"तोंड दिसत नव्हतं ना, ताई."

ताईनं कपाळाला हात लावला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाईनं या दोघांकडे बघितलं आणि आपली पर्स जवळ ओढून घेतली.

आता ताईचं चुकलं असं कोण म्हणेल? चौऱ्याहत्तर वर्षांची आई, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि सख्खा भाऊ म्हणतोय तोंड दिसत नव्हतं. कुणाचंही डोकं फिरेल. पण बापूची बाजूसुद्धा ऐकून घ्यायला हवी, कारण तो ती स्वतःहून कधीच कुणाला सांगत नाही. सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि त्याला तेवढा दम नसतो.

बापू चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करतो. नंबरची गोल काच येते, ती फ्रेमच्या मापानं चाकावर घासायची, कडेला धार काढायची, फ्रेम गरम करून काच आत बसवायची. पुढं दुकानात आरसे, दिवे, हसऱ्या मुलींचे फोटो. मागं बापू, पाण्याखाली फिरणारं चाक आणि एक खिडकी. आता वय सत्तेचाळीस. एकोणतिसाव्या वर्षी त्याला झोप येईनाशी झाली. आठवडाभर हा माणूस झोपला नाही आणि तरी असा ताजातवाना, की बघणाऱ्याला हेवा वाटावा. त्या आठवड्यात कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं, की लोकांना खरं दिसत नाही, नंबर सगळे चुकलेत, आणि ते दुरुस्त करणारा जगात तू एकटाच. बापूनं मन लावून अकरा गिऱ्हाइकांच्या काचा पुन्हा घासल्या. एकूण एक वाया. मालकांनी अकरा जणांची हात जोडून माफी मागितली आणि बापूला स्वतः हॉस्पिटलात नेऊन सोडलं. तिथं त्याला आजाराचं नाव कळलं, बायपोलर. आई त्याला 'बापूचं वर-खाली' म्हणते, आणि खरं सांगायचं तर ते नाव जास्त बरोबर आहे.

वर असताना कानात गर्दी असायची, सगळी वाहवा करणारी. खाली असताना एकच पुरुष, एकसुरी, सरकारी कागद वाचावा तसा बापूचे गुन्हे वाचून दाखवणारा. गोळ्यांनी गर्दी गेली, तो पुरुषही बहुतेक गेला. गोळ्यांबरोबर हातांना थरथर आली, सारखी तहान आली, आणि अंगात ओलं घोंगडं पांघरल्यासारखा जो थकवा आला तो अठरा वर्षं उतरला नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि पुढं चालायचं. कानात उरली ती फक्त हाक. "बापू." "ए बापू, ये रे." दिवसातून चार वेळा, कधी चाळीस वेळा. या आवाजांना स्वतःचा गळा नसतो, ते उसना आणतात. आणि बापूच्या बाबतीत ते सगळ्यात जास्त वेळा आईचा आणत.

सुरुवातीचे काही महिने तो प्रत्येक हाकेला उठायचा. "काय गं आई?" "मी कुठं बोलावलं?" परत जाऊन बसतो तोवर पुढची हाक. असं दिवसभर, आणि मग झोप जायची, आणि झोप गेली की सगळंच गेलं. दोनदा परत हॉस्पिटल झालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सल्ला दिला. पण नियम दिला तो आईनं.

आई बत्तीस वर्षं गणवेश शिवण्याच्या कारखान्यात होती. एका खोलीत ऐंशी मशीनं. तिथं पाठमोऱ्या बाईशी कुणी बोलतच नसे, कारण कानाला काही पोचायचंच नाही. उठायचं, समोर जायचं, खांद्याला हात लावायचा, तिनं मान वर केली की बोलायचं. ओठ बघून अर्धं कळायचं. आईनं एक दिवस बापूला समोर बसवलं, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि म्हणाली, "बघ. माझं तोंड हलतंय?"

"हलतंय."

"म्हणजे मी बोलतेय. आता?"

"आता नाही."

"आत्ता काही ऐकू आलं?"

"आलं. तुझाच आवाज आला."

"तो मेला माझा नव्हे. इथून पुढं तोंड दिसेल त्यालाच ओ द्यायची. बाकीच्यांना बसू देत बोंबलत."

सोपं वाटतं ना? पण जरा विचार करा, या नियमाची किंमत कुणी मोजली. ज्या घरात असा माणूस आहे, तिथं कुणालाच हाक मारता येत नाही. चहा झाला की आई स्वयंपाकघरातून उठून, दुखरे गुडघे ओढत, बापूच्या खोलीत जायची, त्याच्या समोर उभी राहायची आणि मग म्हणायची, "चहा झालाय." दिवसातून वीस वेळा. ताई माहेरी आली की विसरून ओट्यापासूनच ओरडायची आणि मग "हा बहिरा झालाय का?" म्हणून चिडायची. आई कधी विसरली नाही. अठरा वर्षांत एकदाही नाही. दुकानातसुद्धा मालक कामाच्या चिठ्ठ्या लिहून पाठवत. फोन बापू घेतच नसे. अठरा वर्षांत त्याला परत हॉस्पिटलात राहावं लागलं नव्हतं, ते या नियमावर.

आणि मग तो गुरुवार आला. गुरुवारी दुकान बंद. बापू पुढच्या खोलीत वाटाणे सोलत होता. मागून आवाज आला, "बापू." रोजचंच. त्यानं शेंग सोलली. "बापू, अरे ये ना." त्यानं दुसरी शेंग घेतली. आवाज थांबेना. आज तो जरा वेगळा होता, गयावया करणारा. बापूच्या ते लक्षात आलं. त्यानं मनात नोंदसुद्धा केली, की हल्ली विनवण्या करतात, पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं. मग शिकवलं होतं तसं त्यानं रेडिओ मोठा केला.

वाटाणे संपले. भांडं ठेवायला तो आत गेला तेव्हा बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं आणि दारातून एक पाऊल बाहेर आलं होतं. त्यानं दार ढकललं. आई फरशीवर आडवी होती, त्याच्याकडं बघत होती, आणि तिचं तोंड हलत होतं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्याच दिवशी आईला उशीला टेकून बसता येऊ लागलं. ताईनं तोवर सगळं ठरवून टाकलं होतं. आई आता तिच्याकडं राहणार, कायमची. तिच्या घरी माणसं आहेत, लिफ्ट आहे, शेजारी नर्स राहते.

"मी माझ्या घरी जाणार," आई म्हणाली.

"तिथं कोण आहे तुझं करायला? हा?" ताईनं बापूकडं बघितलंसुद्धा नाही. "चाळीस मिनिटं, आई!"

"त्याला बोलू नकोस. शिकवलं मीच आहे."

"अगं पण..."

"मला पडल्या पडल्याच कळलं होतं, हा काही येत नाही," आई म्हणाली. "तरी हाका मारल्या. माणूस पडला की हाक मारतो, त्याला काय करणार? पहिल्या दहा मिनिटांत मलाच राग आला होता त्याचा. मग रेडिओ मोठा झाला. म्हटलं, चला, शहाणा आहे पोरगा, नियम पाळतोय." आणि ती हसायला लागली. टाके ओढले म्हणून थांबली.

बापूला हसू आलं नाही. त्याला रडूही आलं नाही, गोळ्यांनी ते आधीच मंदावतं. पण आई जाऊ नये असं त्याला फार वाटत होतं. उभ्या उभ्या तो दोन ग्लास पाणी प्यायला.

तोडगा काढला तो दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं. दाजी मितभाषी माणूस. ते बाजारात जाऊन बिनतारी बेल घेऊन आले. बटण आईच्या मनगटाला बांधायचं, वाजणारी डबी बापूच्या खोलीत भिंतीत खोचायची. शिवाय सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन आईचं करून जाईल.

"बेलला तोंड नसतं," ताई बापूसमोर उभी राहून म्हणाली. दमली होती, आवाज उतरला होता. "बेलचं तरी ऐकशील ना रे?"

"ऐकीन."

"मग राहा बाई तू तुझ्या घरी," ती आईला म्हणाली. "पण एकदा जरी काही झालं, तर मी कुणाचं ऐकणार नाही."

आईला मंगळवारी घरी सोडणार होते. ताई आणि दाजी हॉस्पिटलाजवळच्याच खोलीत उतरले होते. दाजींनी शनिवारी येऊन बेल लावली, एकदा वाजवून दाखवली, मग बटणातला सेल काढून बटणाशेजारी ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाले, "उगीच उतरायला नको. आई आल्या की घालू." बापूनं आईची खाट झाडली, तिची चादर बदलली, बाथरूममध्ये खरखरीत चटई आणून टाकली. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

रविवारी दुपारी बेल वाजली.

बापू ताडकन उठला. "आलो, आई!" म्हणत तो धावत तिच्या खोलीत गेला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं न बघता ओ दिली होती. खाट रिकामी होती, चादर तशीच, एक सुरकुती नाही. तो तिथं उभा राहिला. मग त्यानं ड्रॉवर उघडला. बटण होतं, शेजारी सेल होता.

बेल पुन्हा वाजली. त्यानं खोलीत येऊन बेलची पिन भिंतीतून उपटली. पिन हातात असताना ती तिसऱ्यांदा वाजली.

संध्याकाळपर्यंत चौदा वेळा. आणि दर वेळी, सगळं माहीत असून, बापू उठून रिकामी खाट बघून आला. कारण बेलला ओ द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. रात्री जेमतेम दोन तास डोळा लागला.

सोमवारी तो दुकानात गेला आणि बारा वाजायच्या आत नऊ जोड्या बसवून मोकळा झाला. एरवी दिवसाला सहा व्हायच्या. कोपर टेबलाला रोवल्याशिवाय ज्याला काच धरता येत नाही, तो आज उभ्यानं काम करत होता. मालक मागच्या खोलीत डोकावले, समोर आले, बापूनं वर बघेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "काय बापू, आज स्वारी खुशीत! शिट्टी कसली वाजवताय?"

बापूनं चाक बंद केलं.

तो शिट्टी वाजवत होता. त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं स्वतःला चाचपून पाहिलं, दुकानदार खिसे चाचपतो तसं. थकवा नव्हता. दोन तासांची झोप आणि थकव्याचा मागमूस नाही. अठरा वर्षं ज्या थकव्याला तो शिव्या देत आला होता, तो सोडून गेला होता.

"मालक," तो म्हणाला, "या नऊच्या नऊ एकदा तपासून घ्या. आणि मला अर्धा दिवस सुटी द्या."

मालकांनी शिट्टीचा विषय परत काढला नाही. त्यांनी बापूची छत्री आणून दिली आणि दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आले.

हॉस्पिटलात पहिल्या मजल्यावर त्याच्या डॉक्टरीणबाई बसत. त्यांनी सगळं ऐकलं, रक्त घ्यायला लावलं, एक गोळी वाढवली आणि झोपेची वेगळी दिली. "वेळेवर आलात," म्हणाल्या. बापू बाहेर आला, नळावर पहिली गोळी घेतली आणि जिन्यापाशी थांबला. वर दोन मजले चढले की आई. उद्या ती घरी येणार. बेल वाजल्याचं जगात कुणालाही कळलेलं नाही. डॉक्टरीणबाई काही ताईला सांगायला जाणार नाहीत. गोळी लागू पडेल, आठ-दहा दिवसांत सगळं जाग्यावर येईल. गप्प बसलं की झालं. बापू काही संत नाही. जिन्यापाशी तो चांगला पाऊण तास उभा होता.

मग तो वर गेला. ताई आईचे कपडे घडी करून पिशवीत भरत होती. बापू तिच्या समोर जाऊन उभा राहिला.

"ताई, बेल वाजते."

"म्हणजे? चांगलं झालं की."

"बटणात सेल नसताना वाजते. पिन काढली तरी वाजते. काल चौदा वेळा वाजली. चौदा वेळा उठलो."

ताईच्या हातातली साडी तशीच राहिली. दोन दिवसांपूर्वी हेच वाक्य तिला कामाला आलं असतं. आता मात्र तिचे डोळे भरले. "कशाला सांगितलंस रे?" ती म्हणाली. "उठला असतास दर वेळी. एखादी खरी असती, बाकीच्या खोट्या. बिघडलं कुठं?"

"दर वेळी उठलो की झोप जाते. झोप गेली की मी चढतो. चढलो की मला आईपेक्षा मोठी कामं असतात, ताई. आठवतं ना? नाहीतर मग उठायचं सोडून द्यायला लागेल. कुठूनही गेलं तरी आई पडलेलीच."

ताईनं साडी घडी न करताच पिशवीत कोंबली.

आई डोळे मिटून पडली होती, पण झोपली नव्हती. तिनं हातानं बापूला जवळ बोलावलं. तो खाटेच्या कडेला बसला, तिच्या तोंडाकडं बघत.

"गोळी वाढवली का बाईंनी?"

"वाढवली."

"घेतलीस?"

"आत्ता घेतली. नळावर."

"जेवलास का?"

"नाही."

"मग खाऊन घे काहीतरी आधी. रिकाम्या पोटी गोळी घेतोय, शहाणा!" तिनं डोळ्यांनी ताईकडं खूण केली. "मी जाते हिच्याकडं."

"हो."

"मला जायचं नाही रे, बापू."

"माहीत आहे मला."

मग आई रडली. बत्तीस वर्षं मशीनवर आणि अठरा वर्षं याच्यामागं काढलेली बाई, लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. आणि रडताना कुणीही तोंड भिंतीकडं वळवतं, उशीत खुपसतं. तिनं ते वळवलं नाही. बापूकडंच ठेवलं.

मंगळवारी गाडी आली. दाजींनी आईला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. बेल बापूनं त्यांच्याकडं परत दिली. ताईच्या घरी उपयोगी पडेल म्हणाला. पडतेही. आई ती उठसूट वाजवते, अशी ताईची तक्रार आहे.

याला आता तीन महिने झाले. रविवारी ताई मोबाईलवर आईला दाखवते. आईला तो धरता येत नाही, कधी पंखा दिसतो, कधी नुसतं कपाळ. तेवढा वेळ बापू गप्प बसतो, आणि ताई मागून ओरडते, "आई, खाली धर, तोंड दिसू दे त्याला!" मग तोंड दिसतं आणि बोलणं सुरू होतं. गोळी काय, रक्त काय, जेवलास काय. दहा मिनिटं.

थकवा परत आलाय, सगळाच्या सगळा. बापू पुन्हा दिवसाला सहा जोड्या बसवतो, कोपर टेबलाला रोवून. मालक एकदा म्हणाले, घरी एकट्याला करमतं का? बापू म्हणाला, सोपं झालंय. घरात आता कुणाचंच तोंड नाही, म्हणजे ऐकू येईल ते सगळं खोटं. काही तपासत बसायला नको. मालकांनी मान हलवली आणि चिठ्ठी ठेवून पुढं गेले.

परवा सकाळी तो दुकानाला निघायची तयारी करत होता. बोटं थरथरतात म्हणून शर्टाच्या बटणांना वेळ लागतो. अर्धी लावून झाली होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"बापू, चहा झालाय रे!"

मोकळा, खणखणीत आवाज, गुडघे दुखायच्या आधीचा. अठरा वर्षांत आईनं अशी हाक मारली नव्हती. ओट्यापासून, काम करता करता, मागं न बघता. तिनं ती याच्यासाठी टाकून दिली होती.

रेडिओ हाताशी होता. बापूनं तो लावला नाही. तो खाटेवर बसला आणि ऐकत राहिला. हाक आणखी दोनदा आली, दुसऱ्यांदा जरा लटक्या रागानं, निवतोय म्हणून. मग थांबली.

त्यानं ओ दिली नाही. राहिलेली बटणं लावली आणि स्वतःचा चहा ठेवायला आत गेला.